४८ बोर्ड, ६ ड्रायव्हर: स्वतः उभारलेल्या मोठ्या ग्रो लाइट संचाचे परीक्षण

मोठा एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडे वाढवण्यासाठीच्या दिव्यांचा, संच स्वतः उभारायचा म्हटले की बोलणे डायोडच्या, म्हणजे प्रकाश देणाऱ्या बारीक एलईडीच्या, नावापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच अडकून राहते. मीही त्याच वाटेने गेलो होतो. ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब अशा बंदिस्त जागेसाठी बांधलेला माझा संच आता १४ महिने, म्हणजे सुमारे ५,९०० तास, चालला आहे. त्याखाली टोमॅटो आणि ढोबळी मिरची पिकली. सुरुवातीचे काही आठवडे लेट्यूसही होते. या काळात चांगल्या डायोडांनी मला जवळजवळ काहीच त्रास दिला नाही. जो वेळ गेला आणि जे डोके शिणले, ते ड्रायव्हर (एलईडीला योग्य प्रवाह पुरवणारी पेटी), वायरिंग, टायमर आणि प्रकाशाची समान वाटणी यांपायी. म्हणून हे परीक्षण एका वस्तूचे नसून पूर्ण संचाचे आहे, आणि त्यात ज्या भागाने जितके दमवले तितकी जागा त्याला मिळाली आहे.

आधी हिशेब. झाडांच्या बाबतीत लुमेन हे माप कामाचे नाही, कारण ते माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहे आणि डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो. प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले फोटॉन मोजतात. दिव्यातून दर सेकंदाला बाहेर पडणारे फोटॉन म्हणजे पीपीएफ, त्यांतले दर चौरस मीटर पानांवर पोहोचणारे म्हणजे पीपीएफडी, आणि दिवसभराची बेरीज म्हणजे डीएलआय. पहिली दोन मापे मायक्रोमोलमध्ये आणि तिसरे मोलमध्ये सांगतात. टोमॅटोसारख्या फळपिकाला दिवसाला २० ते ३० मोल लागतात, लेट्यूसचे १२ ते १७ मोलांत भागते. मी सरासरी ५०० मायक्रोमोलचे पीपीएफडी आणि १४ तासांचा दिवस धरला. ५०० ला ३,६०० ने आणि मग १४ ने गुणले की २५.२ मोल होतात, आणि हा आकडा फळपिकाच्या गरजेच्या बरोबर मध्यावर बसतो.

१२ चौरस मीटरला ५०० प्रमाणे पानांवर ६,००० मायक्रोमोल प्रति सेकंद हवे होते. भिंतींवर, वाटेवर आणि वरच्या दिशेने वाया जाणारा प्रकाश धरून पाचांतले चारच फोटॉन पानांपर्यंत पोहोचतील असे मानले, म्हणजे दिव्यांतून ७,५०० निघायला हवेत. सॅमसंगच्या एलएम३०१एच या डायोडची कार्यक्षमता ६५ मिलिअँपिअर प्रवाहावर ३.१ मायक्रोमोल प्रति ज्यूल इतकी सांगितलेली आहे, पण हा आकडा एकट्या डायोडचा, प्रयोगशाळेतल्या तापमानाचा आहे. बोर्ड तापल्यावर तो २.९ धरावा, त्यातून ड्रायव्हरचा ५ ते ६ टक्क्यांचा तोटा वजा करावा, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेच्या प्रत्येक ज्यूलला २.७ उरतात. ७,५०० ला २.७ ने भागले की सुमारे २,८०० वॅट. पूर्वीच्या उच्चदाब सोडियम दिव्यांतले सर्वांत चांगले, दोन टोकांचे १,००० वॅटचे दिवे १.७ च्या आसपास थांबतात. त्यांना याच कामासाठी ४,४०० वॅट लागले असते. एवढा साधा हिशेब कागदावर मांडायला अर्धा तास लागतो, तरी ‘इतक्या फुटांच्या जागेला इतके वॅट’ असल्या ठोकताळ्यावर खरेदी करणारे कितीतरी लोक भेटतात.

आता बोर्डांविषयी. प्रत्येक बोर्डावर २८८ डायोड आहेत. १६ डायोड एका ओळीत एकापुढे एक, आणि अशा १८ ओळी समांतर. एका डायोडवर अंदाजे पावणेतीन व्होल्ट पडतात, त्यामुळे बोर्डाला ४४ व्होल्टच्या आसपास लागतात. प्रत्येक ओळीला ६५ मिलिअँपिअर दिले तर बोर्ड १.१७ अँपिअर घेतो, म्हणजे ५० वॅटच्या किंचित वर. असे ८ बोर्ड एका ड्रायव्हरवर, आणि असे ६ गट. एकूण ४८ बोर्ड आणि १३,८२४ डायोड. एवढे डायोड कशाला, असा प्रश्न येतो. याच डायोडला २०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह चालतो, मग एक तृतीयांश बोर्डांत काम झाले नसते का? झाले असते, पण प्रवाह वाढला की कार्यक्षमता घसरते आणि उष्णता थोड्या जागेत साचते. जास्त डायोड घेऊन त्यांना सावकाश चालवणे याचा खर्च एकदाच होतो, वीज मात्र रोज जळते. माझ्या संचाला पूर्ण क्षमतेवर दिवसाला जवळपास ४० युनिट लागतात, तेव्हा पाच टक्क्यांचा फरकही महिन्याच्या बिलात दिसतो.

रंगाच्या बाबतीत मी ३,५०० केल्विनचा पांढरा प्रकाश घेतला आणि वेगळे लाल डायोड लावले नाहीत. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात फोटॉन स्वस्त पडतो, कारण त्याची ऊर्जा कमी असते: एक ज्यूल ऊर्जेत ६६० नॅनोमीटरचे ५.५ मायक्रोमोल बसतात, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचे ३.८ च्या आतच. त्यामुळे थोडा लाल मिसळला की संचाची कार्यक्षमता वाढते हे खरे. पण लाल डायोडचा व्होल्टेज वेगळा, म्हणून त्याला वेगळी ओळ किंवा वेगळा ड्रायव्हर आला, आणि गुलाबी प्रकाशात पानावरचा पिवळेपणा, डाग, किडीची सुरुवात नीट दिसत नाही. रोज झाडांमध्ये वावरणाऱ्याला पांढरा प्रकाश हवा.

पहिल्या खेपेतल्या १२ बोर्डांची गोष्ट सांगायला हवी. विक्रेत्याने त्यांवर एलएम३०१एच असल्याचे छापले होते, खोक्यावरही तसेच लिहिलेले होते. डोळ्यांनी पाहून फरक कळत नव्हता. मी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले बोर्ड एकाच ड्रायव्हरवर, आळीपाळीने, एकाच उंचीवर लावले, प्रवाह १.१७ अँपिअरवर स्थिर केला आणि खाली त्याच बिंदूवर मोजणी केली. संशयित बोर्ड दीड व्होल्ट जास्त घेत होते, म्हणजे तेवढीच जास्त वीज खात होते, आणि प्रकाश मात्र १५ टक्क्यांनी कमी देत होते. हात लावला तर पाठही अधिक गरम. ते सगळे परत केले. पैसे मिळाले, पण तीन आठवडे गेले. तेव्हापासून कोणत्याही खेपेतला एक बोर्ड आधी मागवून, ओळखीच्या बोर्डाशेजारी मोजून, मगच बाकीचे मागवावेत असे मी सांगतो. डायोडच्या नावापेक्षा ही अर्ध्या तासाची तुलना अधिक भरवशाची आहे.

आयुष्याच्या दाव्यांबाबत एक टीप. डायोडच्या चाचणीची एलएम-८० ही पद्धत किमान ६,००० तासांची असते, आणि त्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधण्याची टीएम-२१ ही रीत फार तर सहापटीपर्यंतच जाऊ देते. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवर ३६,००० तासांपर्यंतच बोलता येते. चाचणीचा कालावधी न सांगता एक लाख तास छापलेले दिसले की वाचणाऱ्याने तो आकडा सोडून द्यावा.

ड्रायव्हर मी मीन वेल कंपनीचे एचएलजी-४८०एच-४८बी घेतले, आणि संपूर्ण संचात डोळे मिटून पुन्हा घेईन अशी वस्तू कोणती म्हणाल तर हीच. ४८ व्होल्ट, १० अँपिअर, ४८० वॅट. सीलबंद धातूची पेटी, पंखा नाही, आवाज नाही, आणि या मालिकेला कंपनीची ७ वर्षांची हमी. २४ ते ४८ व्होल्टच्या दरम्यान हा ड्रायव्हर स्थिर प्रवाहाच्या पद्धतीने काम करतो, म्हणजे प्रवाह तोच ठेवून व्होल्टेज जुळवून घेतो; माझे बोर्ड ४४ वर बसतात, म्हणजे त्या पट्ट्याच्या आत, वरच्या टोकाजवळ, जिथे ड्रायव्हर आपल्या जवळपास पूर्ण क्षमतेने वापरला जातो. बोर्ड निवडतानाच ही सांगड घालावी लागते. १८ डायोडांच्या ओळीचे बोर्ड बाजारात पुष्कळ दिसतात, पण त्यांना साडेएकोणपन्नास व्होल्टपर्यंत लागू शकतात आणि ४८ व्होल्टचा बी प्रकार त्यांना पूर्ण प्रकाशापर्यंत नेऊ शकत नाही. माझ्या एका परिचिताने नेमके असेच बोर्ड घेतले आणि संच मंद का जळतो याचा शोध तो महिनाभर बोर्डांतच घेत राहिला.

याच ड्रायव्हरचा ए प्रकारही मिळतो. त्यात पेटीतच छोटे स्क्रू असतात, त्यांनी व्होल्टेज थोडाफार वर-खाली करता येतो आणि प्रवाह निम्म्यापर्यंत उतरवता येतो. दोन-तीन ड्रायव्हरांच्या संचाला ए प्रकार सोपा आणि पुरेसा आहे. सहा ड्रायव्हर मात्र छताजवळ टांगलेले असतील तर शिडी लावून सहा स्क्रू सारखे फिरवणे आणि प्रत्येक वेळी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) जुळवणे हा उद्योग कुणी दुसऱ्यांदा करणार नाही. बी प्रकारात स्क्रू नाहीत. मंदावण्यासाठी दोन वेगळ्या वायर बाहेर येतात, आणि त्यांना १० व्होल्टपर्यंतचा संकेत, १० व्होल्टचे पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा संकेत) किंवा नुसता रोध, यांपैकी काहीही जोडता येते. सहाही ड्रायव्हरांच्या या वायर एकत्र करून मी खाली दाराजवळ एकच बटण बसवले.

त्या बटणानेही मला एक धडा शिकवला. एका ड्रायव्हरसाठी १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलणारा भाग) लागतो, म्हणून मी सहांनाही तोच लावला. बटण थोडेसे फिरवले की दिवे पूर्ण पेटत आणि उरलेल्या फेऱ्यात काहीच घडत नसे. माहितीपत्रक पुन्हा वाचले तेव्हा दिसले की अनेक ड्रायव्हर समांतर जोडले तर रोध ड्रायव्हरांच्या संख्येने भागायचा असतो: १०० भागिले ६, म्हणजे १६.७ किलोओहम. २० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर बसवल्यावर शेवटचा थोडा भाग सोडून सगळा फेरा कामाचा झाला. त्याच पानावर आणखी एक सूचना आहे, जी मी सुदैवाने आधी वाचली होती: मंदावण्याची ऋण वायर आणि बोर्डांना जाणारी ऋण वायर एकमेकींना जोडायच्या नाहीत. दोन्ही ‘ऋण’ दिसतात म्हणून त्या जोडण्याचा मोह होतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र वायरिंगने खाल्ला, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण छोट्या संचात ही अडचण जाणवतच नाही. माझ्या जागेत १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब अशा सहा चौकटी आहेत, प्रत्येकीवर ८ बोर्ड, दोन बोर्डांच्या मध्यांत ५० सेंटिमीटरचे अंतर. पहिल्या चौकटीत मी १ चौरस मिलिमीटरची वायर एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डाला, तिथून तिसऱ्याला अशी माळेसारखी नेली. दिवे पेटले, सगळे एकसारखे दिसले. क्लॅम्प मीटर लावला तेव्हा ड्रायव्हरजवळचा बोर्ड १.३६ अँपिअर घेत होता आणि शेवटचा १.०७. कारण उघड आहे. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरला मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम रोध असतो. माळेच्या पहिल्या तुकड्यातून सात बोर्डांचा प्रवाह जातो, पुढच्यातून सहांचा, आणि असे करत शेवटच्या बोर्डापर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते. चाळीस व्होल्टांत अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण एलईडीचा स्वभाव असा की व्होल्टेज किंचित बदलला तरी प्रवाह पुष्कळ बदलतो. डोळा मात्र हा फरक पकडत नाही. तो उजेडाशी जुळवून घेतो आणि आपल्याला फसवतो.

उपाय म्हणून प्रत्येक चौकटीच्या मध्यावर एक जंक्शन बॉक्स बसवला आणि तिथून आठही बोर्डांना सारख्या लांबीच्या, दीड चौरस मिलिमीटरच्या वायर नेल्या. जवळच्या बोर्डाची जास्तीची वायर वेटोळे करून बांधून टाकली. दिसायला हे गबाळे आहे, पण आता आठ बोर्डांतला फरक ०.०४ अँपिअरच्या आत आहे. ड्रायव्हरपासून जंक्शन बॉक्सपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर आहे. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन १० मीटर वायर लागते आणि १० अँपिअरला त्यात ०.७ व्होल्टच्या आसपास जातात. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर तेवढे व्होल्ट आपोआप वाढवून देतो, त्यामुळे प्रकाश कमी होत नाही, फक्त ७ वॅट वायरमध्ये जळतात. जोडण्यांसाठी वॅगोच्या २२१ मालिकेतले खटक्याचे कनेक्टर वापरले. वायर ११ मिलिमीटर सोलायची, खटका उघडून आत घालायची, खटका दाबायचा. पारदर्शक असल्यामुळे आत बसली की नाही ते दिसते. शंभराहून अधिक जोडण्यांपैकी एकही सैल झालेली नाही. सोल्डर करून टेप गुंडाळणाऱ्यांनी एवढ्या संख्येच्या कामात हा हट्ट सोडावा.

प्रत्येक बोर्डाच्या धन वायरवर २ अँपिअरचा फ्यूज आहे. यावर ‘इतक्या कमी व्होल्टला फ्यूज कशाला’ असे मला ऐकवले गेले. एखादा बोर्ड सुटला तर बाकीचे सात त्याचा वाटा आपसांत वाटून घेतात. माझ्या हिशेबात ते प्रत्येक डायोडला ८० मिलिअँपिअरच्या आत पडते आणि काही बिघडत नाही. हा सावकाश चालवण्याचा आणखी एक फायदा. पण एखाद्या बोर्डात शॉर्ट झाला, तर ड्रायव्हरचे संपूर्ण १० अँपिअर त्या एका पातळ वायरमधून वाहतात, आणि स्थिर प्रवाहाच्या ड्रायव्हरला ते अगदी योग्य वाटते. फ्यूज त्याच्यासाठी आहे. शिवाय ड्रायव्हर चालू असताना बोर्ड काढू-घालू नये. आत साठलेला विद्युतभार नव्या बोर्डावर एकदम येतो. धातूच्या चौकटींना आणि ड्रायव्हरच्या पेट्यांना अर्थिंग, आणि संपूर्ण संचाला गळतीवर बंद होणारा ब्रेकर, या दोन गोष्टी पाणी आणि वीज एकत्र असलेल्या जागेत ऐच्छिक मानू नयेत. मुख्य पुरवठ्याचे काम मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतले.

उष्णतेचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा निघाला. बोर्डाला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त भाग प्रकाश होऊन निघून जातो, मागे २२-२३ वॅट उरतात. त्यासाठी ५० बाय २५ सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची साधी पाटी पुरते. पंखे, पन्हाळीदार हीटसिंक काही लागले नाही. खोली २६ अंशांवर असताना पाटीचे तापमान ४७-४८ अंशांच्या वर गेलेले नाही. पण खोलीचे काय? प्रकाश झालेली वीजही शेवटी पानांत, मातीत, भिंतींत मुरून उष्णताच होते. २,८०० वॅटचा संच म्हणजे २,८०० वॅटचा हीटर, थंड करण्याच्या भाषेत पाऊण टनाहून थोडे जास्त. मी ड्रायव्हर खोलीबाहेर बसवले, त्यामुळे सुमारे १७० वॅट तेवढे बाहेर राहिले, आणि पाण्यापासूनही ते लांब झाले. झाडे पाणी बाहेर सोडतात त्याची दमट हवा काढण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि दिवे बांधायच्या उत्साहात ती हमखास राहून जाते. माझीही राहिली होती.

आता टायमर. सुरुवातीला एका साध्या टायमरवर, ज्यावर १६ अँपिअर असे लिहिले होते, मी सहाही ड्रायव्हर टाकले. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर संच १३ अँपिअरच्या आत घेतो, म्हणजे कागदावर सगळे ठीक होते. परंतु असे ड्रायव्हर सुरू होताना आतले कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात, आणि सहा एकदम सुरू झाले तर त्या क्षणाची बेरीज मोठी होते. आधी काही सकाळी एमसीबी (जादा प्रवाहावर बंद होणारा ब्रेकर) पडला. मग एके दिवशी टायमरचे आतले संपर्क एकमेकांना चिकटले, आणि मी बाहेर असताना दिवे सलग तीन दिवस-रात्र जळत राहिले. टोमॅटोला अखंड प्रकाश सोसत नाही हे ठाऊक होते. प्रत्यक्ष पाहिले ते तेव्हा. पानांच्या शिरांमध्ये पिवळे चट्टे पडले आणि ती पाने पुन्हा हिरवी झालीच नाहीत. टायमर बनवणाऱ्याला दोष देता येईल, पण त्याचे १६ अँपिअर साध्या हीटरसारख्या भाराचे होते आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेलेही होते. आता टायमर फक्त कॉन्टॅक्टरला (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचला) संकेत देतो, ड्रायव्हर दोन सर्किटांवर तीन-तीन असे वाटले आहेत, दोन्हीकडे क्षणिक मोठा प्रवाह सोसणारा सी प्रकारचा एमसीबी आहे आणि दुसरे सर्किट पाच सेकंद उशिरा सुरू होते. त्यानंतर एकदाही काही पडले नाही.

मोजणीसाठी अपोजी कंपनीचे एमक्यू-५०० हे मीटर एका ओळखीच्या रोपवाटिकेतून महिनाभर मागून आणले होते. ज्याला ते मिळणार नाही त्याने साध्या लक्समीटरवर काम भागवावे. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सचा आकडा ६५ ते ७० ने भागला की पीपीएफडीच्या जवळपास येतो, आणि एका बिंदूची दुसऱ्याशी तुलना करायला तेवढे पुरते. मोबाइलवरच्या ॲपवर मात्र विसंबू नये, प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळे बोलतो. ५० सेंटिमीटरच्या ४८ चौकोनांत, बोर्ड पानांपासून ४५ सेंटिमीटर वर ठेवून घेतलेल्या पहिल्या मोजणीत सरासरी ५१० आली, म्हणजे कागदावरचा हिशेब जमला होता. पण मध्यभागी ६२० आणि कोपऱ्यात ३४५ असा फरक होता. मध्यावरच्या चौकोनाला चारही बाजूंच्या बोर्डांचा प्रकाश मिळतो, कोपऱ्याला दोन बाजूंनी भिंतच असते. सगळे बोर्ड समान अंतरावर ठेवले की प्रकाशही समान पडेल, हा माझा समज तिथे संपला. कडेच्या ओळी भिंतीकडे सरकवल्या, मधल्यांतले अंतर वाढवले, भिंतींना पांढरा मॅट रंग दिला; आता सरासरी ५०५, मध्यभागी ५७० आणि कोपऱ्यात ४३० आहे. सरासरी थोडी घटली, पण कोपऱ्यातल्या मिरच्यांना फुले धरू लागली. पुन्हा बांधायचे झाले तर चौकटींना पहिल्यापासूनच सरकत्या पट्ट्या ठेवीन, म्हणजे भोके नव्याने पाडावी लागणार नाहीत.

चौकटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ॲल्युमिनियमचे अँगल, एका चौकटीचे वजन पाट्यांसकट १३ किलोच्या आत, उंची बदलण्यासाठी दोरीचे रॅचेट हँगर, आणि हँगर तुटलाच तर चौकट खाली येऊ नये म्हणून प्रत्येक कोपऱ्याला स्टीलच्या वायरचा वेगळा फास.

वापरातली एक सावधगिरी इथेच नोंदवतो. भुरीवर उपाय म्हणून बंद जागेत गंधकाची धुरी देण्याची पद्धत आहे. डायोडच्या आत प्रकाश परावर्तित करणारा चांदीचा थर असतो, आणि गंधकाने चांदी काळी पडते हे घरातली भांडी घासणाऱ्या कुणालाही माहीत आहे. असे दिवे असलेल्या जागेत धुरी देऊ नये.

तयार संचाशी तुलना केली तर काय निघते? कार्यक्षमतेत माझा संच चांगल्या तयार दिव्यांच्या बरोबरीला आहे, पुढे नाही. तेच डायोड, त्याच दर्जाचे ड्रायव्हर तेही वापरतात. माझ्या मापाच्या जागेला अचूक बसणारी मांडणी, आणि बिघडलेला एक बोर्ड किंवा एक ड्रायव्हर दहा मिनिटांत बदलता येणे, हे माझ्या बाजूचे. तयार दिव्याच्या बाजूला पाण्यापासूनचे संरक्षण, एक हमी, एकच जबाबदार माणूस, आणि यूएल ८८०० सारख्या ग्रो लाइटसाठीच असलेल्या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र. जागा भाड्याची असेल किंवा तिचा विमा उतरवलेला असेल, तर हे प्रमाणपत्र एकटेच निर्णय फिरवू शकते. घरी बांधलेल्या संचाला ते नसते आणि नंतर मिळवता येत नाही. दोन-तीन चौरस मीटरच्या जागेसाठी मी कुणालाही हा खटाटोप सुचवणार नाही. दहा चौरस मीटरच्या पुढे, आणि मल्टीमीटर हातात धरायची भीती नसेल तर, तो परवडतो. मला पूर्ण बांधणीला सुट्टीचे नऊ दिवस लागले, त्यांतले चार पहिली चौकट दोनदा उसवण्यात गेले.

१४ महिन्यांनंतर तेच मीटर पुन्हा आणून ४८ चौकोन मोजले. सरासरी ५०१ आली. मीटरची स्वतःचीच अनिश्चितता ५ टक्क्यांची आहे, त्यामुळे ५०५ पासूनची ही घट डायोडांची म्हणावी की धुळीची, हे ठरत नाही. एकूण दोन बोर्डांचे फ्यूज गेले, एकदा माझ्या हातून पाण्याची फवारणी वर उडाली म्हणून आणि एकदा पाटीच्या कडेने वायर कापली गेली म्हणून. दुसऱ्या प्रसंगानंतर सगळ्या कडांवर रबराची पट्टी बसवायला घेतली आहे. चार चौकटी झाल्या, दोन बाकी आहेत.